क्षिप्रा पास झाली

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, दुपार

प्रिय साकेत,

पत्र बघून घाबरू नकोस, आमचं दोघींचं ठीक चाललंय. फोन केला की क्षिप्रा शेजारी येऊन बसते, स्पीकर लावायला लावते आणि माझ्याआधी तीच तुला जेवलास का म्हणून विचारते. आज जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. आत्ता ती शेजारच्या कौशल्याबाईंबरोबर खाली पार्कात उन्हाला बसली आहे. बाबांचा मरून रंगाचा स्वेटर बाह्या दुमडून घातलाय. कपाटात ठेवू म्हटलं तर ऐकत नाही.

बाबांच्या ऑफिसचं उत्तर तू दिवाळीत वाचलंस. बाबा गेल्यापासून मला मिळते ती फॅमिली पेन्शन माझ्यामागे क्षिप्राला मिळावी म्हणून केलेला अर्ज नामंजूर झाला, कारण मेडिकल बोर्डाच्या मते तिचं अपंगत्व सौम्य आहे आणि ती स्वतःपुरतं कमावू शकेल. तू चिडलास, डॉक्टरांना नावं ठेवलीस. पण बोर्डाच्या त्या खोलीत काय झालं ते तुला मी सांगितलंच नव्हतं.

आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेसबद्दल तुम्ही दोघांनी लहानपणी इतकं ऐकलंय की तुम्ही तिची नक्कल करायचात. हाक मारली की ताठ उभं राहायचं, आधी अभिवादन, मग पूर्ण वाक्यात उत्तर. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये शेजारपाजारची माणसं क्षिप्राकडे कशी बघायची ते आठवत असेल. म्हणून मी तिला हे सगळं घोटून घोटून शिकवलं. गणपतीच्या मंडपात ती दारात उभी राहून प्रत्येकाला ‘आपलं स्वागत आहे’ म्हणायची, आणि बाबा कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत राहायचे. बोर्डाची तारीख आली तेव्हाही मी तेच केलं. इथली मुलं यूपीएससीच्या मुलाखतीची तयारी करतात ना, तशी मी तिची तयारी करून घेतली. नाव, पत्ता, आजचा वार, महिना. निळा कुर्ता इस्त्री केला. वेणी घट्ट घातली.

आत गेल्यावर तिने ‘गुड मॉर्निंग, डॉक्टर’ म्हटलं आणि बसायची परवानगी मागितली. डॉक्टरबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, “अरे वाह! मॅडम, आपकी बेटी तो कितना अच्छा बोलती है!” आणि मी, साकेत, मी खुलले. इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरने तिचं कौतुक केलं नव्हतं. मी म्हटलं, “जी, घर में सारा काम करती है.” सारा काम! ती ताटं मांडते आणि चादरींच्या घड्या घालते. गॅसजवळ मी तिला जाऊ देत नाही, हे मी बोललेच नाही. मग त्यांनी विचारलं, घरात गॅसचा वास आला तर काय करशील? तिने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ हलले असणार. ती म्हणाली, “मैं आई को बुलाऊँगी.” बोर्डातले सगळे हसले, मीही हसले. बरोबर उत्तर म्हणून लिहूनही घेतलं असेल. आई घरात नसेल तर काय करशील, हे कोणीच विचारलं नाही.

तिथून आम्ही दोघींनी थेट कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदनात जाऊन थालीपीठ खाल्लं. खरं तर आम्ही आनंद साजरा केला. आणि तेव्हापासून ती सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटली आहे, की मी पास झाले. वॉचमनने मिठाई मागितली तर त्याला नेऊन बेसनाचा लाडू दिला.

आता अपील करायचं म्हणजे तिला परत त्या खोलीत न्यायचं आणि हिला जमत नाही हो, असं तिच्यादेखत म्हणायचं. या विचारात मी इतके दिवस घालवले. तू म्हणालास, “आई, सोड ना यार, मी आहे ना. ताईला आम्ही पुण्याला नेऊ.” आणि तुझी रुचिरा स्वयंपाकघरातून ओरडली, “बिल्कुल! पण माझ्या साड्यांच्या घड्या तिनेच घालायच्या!” त्या दिवशी मला किती हलकं वाटलं. तुमच्या शब्दावर माझा पूर्ण भरवसा आहे. तरीही मला वाटतं, ती तुमच्याकडे येईल तेव्हा तिचं स्वतःचं काहीतरी तिच्याबरोबर यावं. बाबांनी इतकी वर्षं नोकरी केली, त्यातला तिचा वाटा तिला मिळावा. म्हणून मी अपील करायचं ठरवलंय. अर्ज उद्या देते.

काल तिलाही सांगितलं. म्हटलं, परत जायचंय, आणि या वेळी काही पाठ करायचं नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणायचं. हातातली चादरीची घडी तिने पूर्ण केली. मग म्हणाली, “पण मार्क कमी पडतील.” मी म्हटलं, पडू देत. तर मलाच समजावू लागली, “तुझी सिस्टर रागावेल तुला.” मला हसूही आलं आणि उठून आतही जावं लागलं.

पत्र लिहिलं ते याचसाठी. बोर्डाची तारीख आली की तू ये, आणि तिच्याबरोबर आत तू जा. मी गेले तर ती प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे बघेल, आणि मी कितीही ठरवलं तरी माझा चेहरा उत्तर देईल. तू तिला काही सुचवू नकोस. ती अडखळली तर अडखळू दे, रडली तर रडू दे, फक्त हात धर. तुला ते बघवणार नाही, मला ठाऊक आहे. पण तू तिला माझ्याशिवाय कधी पाहिलंच नाहीस, बाळा. ‘मी आहे ना’ म्हणतोस, तर एकदा पाहून घे. मी बाहेर बाकावर बसेन. मलाही बाहेर बसायची सवय करायला हवी.

तुझीच,
आई