बोक्याचे कान

३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि. हात शाईने आणि बिस्किटाच्या लगद्याने बरबटलेले आहेत, म्हणून नमस्कार लांबूनच.

तुझ्या भावजयीला अखेर बस मिळाली. आता शिकाऊ नाही, पूर्ण चालक! गणवेश घालून ती पहिल्या दिवशी आरशासमोर इतका वेळ उभी होती, की तिची बस तिलाच चुकणार होती. सकाळची पाळी असते, दुपारी तीनला घरी येते. तोवर घर, दोन्ही मुलं आणि छापखान्यातून आलेली प्रुफं, सगळं माझ्याकडे. काल एका वनस्पतींच्या पुस्तकाची सूची तपासत होतो. ‘क’पासून ‘घ’पर्यंतचं पान बोक्याने खाऊन टाकलं. छापखान्याला कळवलं, की तेवढा मजकूर आमच्या पचनी पडला आहे.

बोका सव्वा वर्षाचा झाला. त्याच्यासारखं गुणी मूल मी पाहिलं नाही. समोर नवी इमारत होते आहे, दिवसभर भिंती फोडणारं यंत्र चालू असतं; कुकर शिट्ट्या मारतो; हा आपला दुपारी ढाराढूर. मुंगी या वयात पान उलटलं तरी जागी व्हायची, आठवतं ना?

मुंगीने मात्र वात आणला आहे. पावणेपाच वर्षांची घोडी झाली, पण दिवसभर पाय आपटते. आमची जमीन फळ्यांची. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दोनदा वर येऊन गेले. त्यांनी बेतलेल्या कापडावर छताचा चुना पडतो म्हणाले, आणि ते खोटं नाही. तिला म्हटलं, भावाला बोलवायचं तर तोंडाने हाक मार, तर माझ्याकडे अशी बघते जणू मीच खुळा आहे. शेवटी परवा रागावलो, तिच्या पायांत जाड मोजे घातले आणि पाय आपटलेस तर बाहुली कपाटावर जाईल म्हणून सांगितलं. तेव्हापासून घर शांत आहे. बोकाही एका जागी निमूट बसून असतो.

तुझा फोन अजून बिघडलेलाच का? दुरुस्त कर बाई.

लोभ नेहमीचाच धाड, पोस्टात हरवला तरी दुसरा पाठव.
तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ऱ्हस्व-दीर्घ पाहून पत्र तपासायला बसू नकोस, मी कापड विणलं आहे, व्याकरण नाही.

भावजयीला माझी शाबासकी सांग. आपल्या घरात गाडी हाकणारी ती पहिलीच. तू सायकलवरून किती वेळा पडलास ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझं पत्र चारदा वाचलं. हसू आलं, आणि मग आलं नाही. धाकट्या, एक काम कर. बोका खेळत असला की त्याच्या पाठीमागे जा. पाय वाजवू नकोस, सावली पडू देऊ नकोस, वारा लागू देऊ नकोस. आणि ताटावर चमचा जोरात आपट. तो वळतो का बघ. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मग मला खरं खरं लिही.

आणि तोवर मुंगीचे मोजे काढ. तिला रागावू नकोस.

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण ते तू माझं ऐकणार नाहीस. आशीर्वाद आहेतच, दोन्ही पिल्लांना पापे.
तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

चमचा वाजवला. बोका वळला. झालं समाधान?

तुला दुरून सगळंच आजार दिसतं. मी लहानपणी शिंकलो तरी तू मला पांघरुणात गुंडाळायचीस. लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी त्याला किती वेळा पाहिलं आहे, ते काही बोलले नाहीत. काही मुलं उशिरा बोलतात, मुलगे तर हमखास. शेजारपाजारच्या सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. हिला मी तुझं पत्र दाखवलेलं नाही. दिवसभर भरलेली बस चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात असलं भलतंसलतं भरवायचं नाही मला.

आणि ताई, राग मानू नकोस, पण मी फोन केला तर तू उचलत नाहीस. घंटा वाजून वाजून थांबते. जी स्वतःच्या भावाची हाक ऐकत नाही, तिने माझ्या मुलाच्या कानांची चौकशी करावी, याचं जरा नवल वाटलं.

कामं पडली आहेत. थांबतो.
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझ्या पत्राचा राग आला नाही. खरं ते लिहिलंस, म्हणून आता मीही लिहिते.

फोन बिघडलेला नाही. मी बिघडले आहे. मला घंटा ऐकू येत नाही. चुकून उचलला तर पलीकडे कुणीतरी पोत्यात तोंड घालून बोलतं आहे असं वाटतं. गिरणीत मागांच्या खात्यात तीस वर्षं काढली. शेकडो माग एकदम चालायचे, शेजारणीचा आवाजसुद्धा यायचा नाही. घरी आल्यावर कान गुंगायचे, सकाळपर्यंत बरे व्हायचे. मग बरे होईनासे झाले. सहा वर्षं झाली. तुला सांगायची लाज वाटली. तुला पत्रं लिहायची गोडी आहे म्हणून मी पत्रं लिहिते, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतोस. मी सांगू दिलं.

आता नीट वाच. खात्यात दोन माग पलीकडच्या बाईला बोलवायचं असलं तर हाक मारून उपयोग नसे. आम्ही फळीवर पाय आपटायचो. फळी थरथरली, की तिला तळपायातून कळायचं आणि ती वळायची. तीस वर्षं मी अशाच हाका मारल्या आणि ऐकल्या. तुझ्या पत्रात मुंगीचं वाचलं आणि त्याच हाका ओळखल्या.

तुझी लेक हट्टी नाही. तिला काहीतरी कळलं आहे जे आपल्याला नाही. तू चमचा वाजवलास तेव्हा खिडकीकडे तुझी पाठ होती का? सावली पडली असेल. माझं ऐकू नकोस हवं तर. मुंगीला जवळ घे आणि विचार, ती बोक्याला हाक का मारत नाही.

मी तुला कडेवर घेऊन वाढवलं, म्हणून दमात घेण्याचा हक्क आहे माझा. पण आज दमात घेत नाही, विनवते आहे.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार. या वेळी लांबून नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मुंगी भिंतीशी चित्र काढत होती. विचारलं. ती म्हणाली, हाक मारून काय उपयोग, बोक्याचे कान पायांत आहेत. तिला वाटलं मला समजलं नाही. मग तिने मला समजावलं. दोनदा आपटलं की ‘इकडे ये’, एकदा आपटलं की ‘बघ’. तो रांगायला लागला तेव्हापासून तिला ठाऊक आहे. तिला वाटत होतं आम्हालाही ठाऊक आहे, आम्ही फक्त आळशी आहोत. शेवटी तिने विचारलं, की मोजे घालून बोलता येत नाही, तर ते कधी काढायचे.

ताई, मी तुला लिहिलं होतं ना, घर शांत झालं आणि बोका निमूट बसतो? त्याला कुणी हाकच मारत नव्हतं गं. त्याच्याशी बोलणारं एकच माणूस होतं, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं. लोकांच्या चुका शोधून पोट भरणारा मी. काना-मात्रा सुटत नाही माझ्या नजरेतून.

मोजे काढले. मुंगीने दोनदा पाय आपटले आणि बोका ठोकळे टाकून तिच्याकडे धावत गेला.

ही तीनला आली. तिला दोन्ही पत्रं वाचायला दिली. वाचून झाल्यावर ती गणवेशातच उठली, परात घेतली, पडदा ओढून उजेड कमी केला, मुंगीला पलंगावर उभं राहायला सांगितलं आणि बोक्याच्या पाठीमागे जाऊन लाटणं हाणलं. खालून शिंपीकाका धावत वर आले. बोका ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला. हिने परात खाली ठेवली आणि त्याला पाठीमागूनच मिठी मारली. माझ्यावर रागावली ती दुसऱ्या दिवशी, पत्र लपवल्याबद्दल. ते माझं देणंच होतं.

इस्पितळात कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला झोपवून कपाळाला तारा लावल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. जन्मापासून असावं. पण अगदी शून्य नाही. दोन्ही कानांना यंत्रं लावायची, आणि रोज त्याच्याशी भरपूर बोलायचं. बाई म्हणाल्या, पुष्कळ मुलं तीन-चार वर्षांची होऊन त्यांच्याकडे येतात, तुम्हाला इतक्या लवकर कुणी पाठवलं? मी तुझं नाव सांगणार, तेवढ्यात मुंगीने सांगितलं, की मी पाठवलं आणि आत्याने.

मी जे लिहिलं ते माफ कर. फोनबद्दलचं वाक्य तर फाडून टाक.
तुझा कृतघ्न नसलेला,
धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि एक धपाटा. माफी कसली मागतोस? ते वाक्य लिहिलं नसतंस तर मी माझं सांगितलंच नसतं. पत्र फाडणार नाही.

भावजयीला सांग, रडायचं असेल तर रड, पण स्वतःला दोष देऊ नको. मूल हसतं, धावतं, खातं. आईला कळणार कसं?

यंत्र तो ओढून काढेल. शंभरदा काढेल, तुम्ही एकशे एकदा लावा. आणि त्या कौतुकात मुंगीला विसरू नका. तिचं काम आता यंत्र करणार आहे, हे तिला सोपं जाणार नाही.

तब्येत सांभाळा. मी इथे सगळ्यांसाठी हात जोडून बसले आहे.
ताई

१४ मे

ती. ताईस,
घरभर कागद पसरले आहेत, त्यातल्याच एका पाठकोऱ्यावर हा नमस्कार.

यंत्रं लागून तीन आठवडे झाले. मला वाटलं होतं, लावल्याक्षणी चेहरा उजळेल, आपण सगळे टाळ्या वाजवू. कसलं काय! भोकाड पसरलं. पहिला आठवडा नुसती कुस्ती. एक यंत्र पिठाच्या डब्यात सापडलं, एकदा माझ्या चहात जाता जाता वाचलं. ही बस चालवून येते आणि म्हणते, गर्दीच्या वेळचे प्रवासी याच्यापुढे संत आहेत.

मग गेल्या मंगळवारी मी प्रुफं चाळत होतो. बोका खेळ सोडून आला आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला. मी पान उलटलं. तो दचकला. पुन्हा उलटलं, तो हसला. त्याने एक पान ओढलं, चुरगाळलं, कानाशी नेलं, पुन्हा चुरगाळलं. संबंध दुपार आम्ही एक अख्खं प्रकरण चुरगाळलं. छापखान्याला काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही.

तू लिहिलं होतंस तेच झालं. रविवारी दोन्ही यंत्रं गायब. घर पालथं घातलं. शेवटी मुंगीच्या पावसाळी बुटात सापडली. मी रागावण्याआधी तुझं पत्र आठवलं. शेजारी बसलो. तेव्हा ती म्हणाली, यंत्र असलं की बोका सगळ्यांकडे जातो, नसलं की फक्त माझ्याकडे येतो. मी मग खरं तेच सांगितलं, की आम्ही कुणीच त्याच्याशी बोलत नव्हतो तेव्हा तू बोललीस, आणि त्याबद्दल माझ्याकडून तुझे आभार मानायचे राहून गेले. तिने विचार करून ते स्वीकारले आणि बाहुली कपाटावर कधीच जाणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. तपासणाऱ्या बाईंनीही तिला बजावलं आहे, की आंघोळीला आणि झोपताना यंत्रं काढलेलीच असतात, तेव्हा पाय आपटणं बंद करायचं नाही. तेव्हापासून ती स्वतःला इस्पितळाची नोकर समजते.

शिंपीकाकांना मी खाली जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बेतायचं टेबल आतल्या खोलीत हलवलं. संध्याकाळी वर आले, त्यांच्या हातात दोन मऊ कापडी टोप्या होत्या, कानाशी यंत्र बसेल असे खिसे शिवलेल्या. इतकी बारीक टीप मी आयुष्यात पाहिली नाही. आता बोका यंत्र ओढत नाही, टोपीचा बंद चघळतो. काकांनी मुंगीला सांगितलं, खुशाल आपट.

ताई, किती जणांचे उपकार झाले गं आमच्यावर! आणि कुणीच ते उपकार म्हणून केले नाहीत. तू कधी येतेस?
वाट बघणारे चौघे

२५ मे

चि. धाकट्यास,
तुम्हा चौघांना पोटभर आशीर्वाद. शिंपीकाकांनाही थोडे दे.

बोक्याचं वाचून मला माझीच लाज वाटली. सव्वा वर्षाचं पोर यंत्र लावून घेतं आणि मी म्हातारी सहा वर्षं तोंड लपवते. परवा जाऊन कान तपासून आले, कालपासून एक यंत्र लावलं आहे. मीही दोनदा ओढून काढलं, कुणाला सांगू नकोस. मी चालताना चप्पल इतकी घासते, हे मला ठाऊकच नव्हतं. नळ गळतो आहे, तो किती दिवसांपासून कोण जाणे. सगळं कर्कश आहे, आणि सगळं आहे.

त्या खात्याला मी फार शिव्या दिल्या रे. माझे कान तिथे गेले म्हणून. काल बसल्या बसल्या मनात आलं, तिथे तीस वर्षं काढली नसती तर मुंगीच्या पायांचं मला कळलंच नसतं. तुझ्यासारखंच मीही म्हटलं असतं, पोर हट्टी आहे. तेव्हा काल पहिल्यांदा, एकटीनेच, त्या खात्याचे आभार मानले.

शनिवारी येते आहे, आठवडाभर राहीन. भावजय चालवते त्याच बसने घरापर्यंत येणार, तिला सांग, बाकीच्या प्रवाशांसमोर वाकून नमस्कार नको. आणि मुंगीला निरोप दे. खात्यात आम्हा बायकांच्या हातांच्या खुणा होत्या. ‘जेवायला चल’, ‘साहेब आला’, ‘हसू नको, मलाही हसू येतं’, अशा साठ-सत्तर तरी. माझ्या बरोबरीच्या बायका आता पांगल्या, त्या खुणा करायला मला कुणी उरलं नाही. त्या सगळ्या तिला शिकवणार आहे. ती बोक्याला शिकवील.

भेटीपर्यंतचा लोभ पत्रात बांधला आहे, बाकीचा बरोबर घेऊन येते.
तुझी,
ताई