घंगाळावरचं नाव

९ फेब्रुवारी २००६, गुरुवार

आलं! घंगाळ आलं पॉलिश होऊन! टेम्पोतून उतरवताना शेजारच्या बायका ओट्यावरून उठून बघायला आल्या. जुनं घर पाडलं तेव्हापासून माळ्यावर काळं ठिक्कर पडून होतं. आता बघा — मोराच्या कड्या, काठाला कमळाच्या पाकळ्या, खाली तीन वाघाचे पाय! आत पामची कुंडी ठेवली आणि सोफ्याच्या कोपऱ्यात मांडलं. ठाण्याच्या दुकानात असल्यालाच 'अँटिक प्लँटर' म्हणून मिरवतात. आमच्याकडे फुकट लोळत होतं.

सासूबाई रविवारी येतील. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिघाशीला नणंदेकडे आहेत. सगळं अंजूर गाव त्यांना आक्का म्हणतं, मीही. नव्या डोळ्याने पहिलं हेच बघतील. खूश होणार, लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी

हितेशने एकदाच बघितलं आणि म्हणाला, "नाव कुठे गेलं?"

कसलं नाव? काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं म्हणे. घंगाळ आक्कांच्या लग्नात माहेरहून आलेलं, वडिलांनी लेकीचं नाव घालून दिलेलं. त्या काळ्या थराखाली मी काही बघितलंच नव्हतं. आणि आता मशीनने घासून साफ!

"काय होतं नाव?"

"आईचं? हौसा."

"ते सासरी ठेवलेलं. माहेरचं?"

बत्तीस वर्षांचा घोडा झालाय माझा नवरा, आईचं नाव माहीत नाही! मला म्हणतो, "आता आई काय बोलेल?" जसं काही मी मुद्दाम केलं.

११ फेब्रुवारी

सकाळीच भिवंडीला पॉलिशवाल्याकडे. भांडायलाच गेले होते. तो शांतपणे म्हणाला, "भाभी, आपने ही बोला था, एक दाग नहीं चाहिए." बोलले होते खरी. नाव परत कोरून देतो म्हणाला. "नाम क्या डालूँ?" तिथेच तर घोडं अडलंय!

तशीच रिक्षाने कोनला, आक्कांच्या माहेरी. तिथे राघोमामा, आक्कांचे धाकटे भाऊ. तेवढेच उरलेत माहेरचे. "आमी सगली तिला बायच बोलायचो," म्हणाले. "नाव व्हतं कायतरी... मी लय बारका व्हतो गो." दोनदा चहा पाजला. नाव काही निघालं नाही.

परत येताना वाटलं, 'हौसा' घालून मोकळी होते. आक्कांना कुठे वाचता येतं! असं वाटलं याचीच नंतर घरापर्यंत लाज वाटत राहिली.

१२ फेब्रुवारी, सकाळ

हितेशने दाखवलेली नावाची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. तीनदा जाऊन बघून आले. चौथ्यांदा चालले आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

काही उपयोग झाला नाही! आक्का आल्या, काळा चष्मा, चपला काढल्या न काढल्या तोच घंगाळापाशी. बघत बसल्याच नाहीत. हात मागे घातला, मोराच्या कडीपासून चार बोटं मोजली आणि बोट फिरवलं. परत फिरवलं. मग दुसऱ्या कडीपासून मोजलं.

"चमकवून आणलं, आक्का!" मी म्हणाले. काय मूर्खासारखं!

त्या आत जाऊन पडल्या.

१३ फेब्रुवारी

जेवल्या नाहीत. डोळ्यात औषध घालू दिलं, पण माझ्याकडे मान वर केली नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! नुसती घरभर फिरतेय. दूध उतू गेलं, इस्त्रीने हितेशचा शर्ट करपला. पाम उचलून अंगणात ठेवला. बघवत नाही तो.

१४ फेब्रुवारी

विचारलं शेवटी. पायाशी बसले आणि म्हणाले, "आक्का, चुकलं माझं. ते नाव मला सांगा. परत घालून आणते."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग — "चंपा."

मग आपणहूनच बोलायला लागल्या. "लगनात ताटातल्या तांदलात आंगठीनं हौसा लिवलं. तवापासून सगल्यांची हौसा, मंग आक्का. चंपाला कोन बोलावतंय? तिचं येक घंगालच व्हतं. घासताना बोट लागायचं, बरं वाटायचं."

मी रडले. त्या नाही रडल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुझं काय व्हतं गो?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "पूर्वी."

माझंही नाव लग्नात तांदळातच बदललेलं; सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी जुनं विचारलं.

१६ फेब्रुवारी

'चंपा' कोरून आणलं. आक्कांनी बोट फिरवलं, हसल्या, आणि बैठकीतूनच हाक मारली, "पूर्वी, चाय टाक गो."

हितेशने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "पूर्वी कोण?"