पीळ कुणाचा?

३ मार्च
पुन्हा तेच! मी खोलीत शिरलो आणि शेजारणीनं फाइल बंद केली. सहा वर्षं संस्थेत आमची टेबलं लागून आहेत, कधी लपवाछपवी नव्हती. पाणी कुठंतरी मुरतंय.

४ मार्च
लिहून ठेवतो, उद्या कामी येईल. वायूच्या ढगातला तो लांबच लांब धागा, ज्यात तारे जन्मतात, फोटोत एकच दिसतो. पण कुठला वायू किती वेगानं सरकतोय ते मोजलं की त्याचे तीन पदर सुटे होतात — एकमेकांत वळलेले! आणि पदर एकमेकांना भिडतात तिथंच नवे तारे. हे माझं. त्याला दिलेलं नावही माझंच — पीळ. लेख जवळजवळ तयार आहे.

६ मार्च
चहाच्या वेळी आमचे विभागप्रमुख सर आणि ती गॅलरीत कुजबुजत होते. मला पाहून गप्प! सर म्हणाले, "या, या, तुमचाच विषय चालला होता." माझाच होता, तर थांबवला कशाला?

७ मार्च
प्रिंटर अडला. तिनंच नीट केला. म्हणजे माझे कागद आधी तिच्या हातात!

१० मार्च
ती जेवायला गेली, स्क्रीन उघडी. पाहू नये, पाहिलं. फोल्डरचं नाव — पीळ! आत माझाच धागा, माझेच तीन पदर. डोकं सणकलं. ताईला फोन केला. म्हणे, "अरे, आधी तिला विचार तरी! लहानपणी तुझा खोडरबर हरवला की पहिलं शेजारच्याचं दप्तर उपसायचास." खोडरबराचा इथं काय संबंध?

११ मार्च
संचालकांकडे लेखी तक्रार दिली. माझी कल्पना चोरली म्हणून. सोमवारी दोघांना बोलावलंय. ती दारात भेटली. "एकदा मला विचारायचं तरी होतंत हो." तिची नेमणूक या महिन्याअखेर संपते, आता पुढं वाढवणार नाहीत म्हणे. वाईट वाटलं. पण करावं तसं भरावं.

१३ मार्च
सोमवारी पुरावा दाखवावा म्हणून हीच वही मागं चाळत गेलो. पीळ हा शब्द मी पहिल्यांदा कधी लिहिला?

१९ ऑक्टोबर. अक्षर माझंच — "चहा ढवळता ढवळता शेजारीण म्हणाली, हा एक धागा नाहीच हो, पीळ आहे, वेग मोजून बघा. काहीतरीच बाईचं! हसण्यावारी नेलं."