ओल्वारने पाठ का फिरवली

३ ऑक्टोबर
ब्लॅकपूलहून पत्र. टीव्हीवरच्या परग्रहवासीयांच्या चाहत्यांचा मेळावा भरतो आहे. सर्वांत गूढ परग्रहवासी कोण यावर मतदान होणार. सध्या एका जुन्या मालिकेतले ओल्वार पहिले. सचिव क्लाइव्ह डक्सबरी लिहितात, १९७४च्या त्या भागात यान निघून जाताना बारा ओल्वार त्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि तेरावा पाठ फिरवतो. का, यावर लोक पन्नास वर्षं वाद घालताहेत. ती पाठ आपलीच का?
माझीच. विचारायची बुद्धी झाली एकदाची कुणाला तरी.
निश्चय : जायचं. मोजकंच बोलायचं.

५ ऑक्टोबर
विनिफ्रेडला फोन केला. तीही ओल्वार होती, त्या बारांतली. आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. गंमत म्हणून दगडाच्या खाणीत त्या भागाच्या चित्रीकरणाला गेलो होतो. म्हणते, "बर्नी, पाठ कसली फिरवतेस? तुला मुखवट्यातून काही दिसत नव्हतं आणि तू संडास शोधत होतीस."
मत्सर. दुसरं काय.
दिसत नव्हतं हे खरं. पण कलावंताला दिसायलाच हवं असं कुठे आहे?

९ ऑक्टोबर
वाक्य तयार : 'ओल्वारला निरोप बघवत नाही.' आरशासमोर सात वेळा म्हटलं. खोटं नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशियस सांगत, खोटं बोलू नये, पण न विचारलेलं सांगूही नये. संडासाचं मला कोण विचारणार आहे?

१४ ऑक्टोबर
गुडघा सुजला. विनिफ्रेड सोबत येणार म्हणे. माझ्या काळजीपोटी.
निश्चय : तिला मागे बसवायचं.

१९ ऑक्टोबर, दुपारी १
हॉटेल. चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. विनिफ्रेड पहिल्या रांगेत.
हिरवा मफलर घातलेले एक गृहस्थ भेटले, एन्टविसल. बायकोच्या अंत्ययात्रेत शवपेटी निघाली तेव्हा त्यांच्याने बघवलं नाही, पाठ करून उभे राहिले. तिची बहीण अजून बोलत नाही त्यांच्याशी. मग कधीतरी टीव्हीवर तो जुना भाग लागला. म्हणाले, "बाई, वाटलं, चला, निदान एकाला तरी कळलं." माझ्या फोटोवर सही घेतली. माझा हात बराच वेळ धरून होते.
मीही सोडवून घेतला नाही. असं सहसा होत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६, परतीची गाडी
सगळं उत्तम चाललं होतं. वाक्य म्हटलं. एन्टविसल चष्मा पुसत होते. तिथेच खाली बसायला हवं होतं.
पण डक्सबरी म्हणाले, अर्थात ही कल्पना दिग्दर्शकाचीच असणार.
दिग्दर्शकाची! मी म्हटलं, "खाणीत दिवसभर तेरा बायका उभ्या करायच्या तर त्यांना संडास लागेल, एवढंही ज्याला सुचलं नाही, त्याला हे सुचणार? माझी मी वळले. संडास शोधायला."
तीनशे माणसं हसली. विनिफ्रेडचा आवाज वेगळा ओळखू येत होता. एन्टविसल हसले नाहीत. फोटो खुर्चीवर ठेवला, नीट, सही वर येईल असा, आणि गेले.
चार वाजता निकाल. ओल्वार नववे. पहिले आले ते डोक्यावर दिवा असलेले. दिवा लागला की राग आला, विझला की गेला. यात कसलं गूढ?
चूक माझी नाही. मला डिवचलं.

२१ ऑक्टोबर
एन्टविसलना पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. 'तुम्ही पाठ फिरवलीत ते खरं होतं' एवढं लिहिलं, पुढे काय लिहायचं ते कळेना. पत्ताही नाही.

२६ ऑक्टोबर
पुढच्या वर्षीसाठी डक्सबरींचं बोलावणं विनिफ्रेडला. कारण ती अजून काही बोललेली नाही, म्हणून तिचं गूढ शाबूत. तिने फोन करून विचारलं, काय सांगू?
म्हटलं, "काहीही सांगू नकोस. एन्टविसलनी विचारलं तर मुळीच नको."
ती म्हणाली, "सांगायला आहे काय, बर्नी? यान कुठल्या बाजूला होतं ते मला तरी कुठे दिसत होतं?"