दोन बोटं जागा

अण्णा, काल रविवारी दुपारी तुम्ही दिलेल्या पिळणीनं मी बारा लिंबं पिळली आणि ती सगळी दारूत गेली. सरळच सांगते. आडपडदा तुम्हाला कधी खपला नाही.

ह्यांचे तीन मित्र दर रविवारी आमच्या कळंबच्या घरी येतात. बाहेर बसलं तर गावभर होतं, म्हणून घरात. फोनवर बघून त्यांनी एक प्रकार काढलाय, लाँग आयलंड आईस्ड टी. नाव चहाचं आणि आत चहाची पत्तीसुद्धा नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. वोडका, जिन, पांढरी रम, टकीला, वर संत्र्याची गोड दारू, असा सगळा उकिरडा एकाच ग्लासात. मग लिंबू, साखरेचा पाक, बर्फ आणि शेवटी रंगापुरता कोला. दिसतो अगदी कोरा चहा. एकदा कोल्याऐवजी लाल फळांचा रस घालून झाला, एकदा निळी दारू घालून. ते निळं बघून मला संडास धुवायची बाटली आठवली. ग्लास विसळताना अजून नाकाला पदर लावते.

उमरग्याच्या स्टँडसमोर आपली सोड्याची गाडी. शाळा सुटली की मी लिंबं पिळायला उभी. तुमचा कायदा एकच, ग्लास काठोकाठ भरायचा. लोक खिशात दारूची चपटी घेऊन येतात, म्हणतात, "मामा, जरा कमी भरा की." तुम्ही मुद्दाम वर आणखी घोटभर ओतता. "जागा ठिवली की घाण आत येती," म्हणता. आठवीत असताना एका ट्रकवाल्याला मी दोन बोटं कमी भरलेला ग्लास दिला आणि त्यानं तिथंच चपटी उघडली. तुम्ही ग्लास त्याच्या हातातून काढून गटारात उपडा केलात आणि सगळ्यांसमोर मला, पोटच्या पोरीला, म्हणालात, "त्यानं न्हाय वतली. जागा तू दिलीस, तूच पाजलीस." मी रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही नवी लाकडी पिळणी माझ्या हातात ठेवलीत, सुताराकडून माझ्या मुठीच्या मापानं करून घेतलेली.

दिवाळीनंतर एका रविवारी ह्यांनी कोला आधीच ओतला आणि चमच्यानं ताकासारखा घुसळला. सगळा फेस उडाला. दारूची मला किळस, पण सोड्याचे असे हाल बघवेनात. "असं न्हाई, सरका," म्हणत मी ग्लास ओढून घेतला. नवा भरला, वर कोल्यासाठी दोन बोटं जागा ठेवली, ग्लास कलता धरून कोला काठानं सोडला, चमचा खालून वर एकदाच. फेस राखायची रीत अगदी तुमची. ते प्याले. एकजण म्हणाला, "वहिनी, लई भारी! कुठं शिकलात?"

मी म्हणाले, "आमच्या अण्णांनी शिकवलं."

"मग अण्णांच्या नावानं!" म्हणत चौघांनी ग्लास उचलले. तेव्हापासून त्या घाणीचं नाव 'अण्णा' पडलंय. आयुष्यात थेंब न शिवलेल्या माणसाचं नाव. "वहिनी, दोन अण्णा पाठवा," असं बाहेरून ओरडतात, आणि मला त्यांची, ह्यांची आणि सगळ्यांत जास्त माझ्या या हातांची शिसारी येते.

काल त्यातला एकजण अंगणात ओकला. मी चार बादल्या पाणी ओतून फरशी धुतली. तूच पाजलीस, हे तुमचं वाक्य खराट्याच्या प्रत्येक फटक्याला ऐकू येत होतं. पुढच्या रविवारी काठोकाठ लिंबू-सोडा भरून चार ग्लास त्यांच्यापुढं आदळायचे, असं तिथंच ठरवलं. हात धुऊन आत आले, तर ह्यांनी विचारलं, "अजून एक होईल का?" आणि मी पिळणी हातात घेतली.

हे पत्र फडताळात कागदाच्या खाली जाईल, तुम्हाला पाठवायची छाती नाही! एवढं मात्र लिहून ठेवते. "लई भारी" ऐकलं की मला बरं वाटतं, अण्णा. गाडीवर सहा वर्षं उभी होते, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.