उशाखालची वंशावळ

सफुने, सवाई बेट
३ मे १९८६

चि. सेफोस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तुझ्या मालियाचा नवरदेव फालेलिमा गावचा, तर त्याचं आपलं काही नातं लागतं का, असं विचारतोस. कितीही लांबचं भावंड असलं तरी आपल्यात लग्न होत नाही, हे ऑकलंडला राहून विसरला नाहीस, नशीब. पण तारीख ठरल्यावर आठवलं होय रे?

बाबांची वंशावळीची वही पाठव म्हणतोस. ती नाही. परक्याच्या हाती लागली तर तो आपलं मानाचं नाव न् जमीन दोन्ही मागायला येईल, माझ्याबरोबर पुरा, असं बाबा जाताना म्हणाले. मीच ती शवपेटीत त्यांच्या उशाखाली ठेवली. वर सिमेंट तू ओतलंस, म्हणून मला एकटीला बोल लावू नकोस.

सुलिया आत्याला सगळं तोंडपाठ आहे. पण विचारलं की बाई तारोचे कंद सोलत बहिरी होते. म्हणते, वंशावळ काय गावजेवण आहे, येईल त्याला वाढायला?
तुझी बहीण,
फुआतिनो

ऑकलंड
१९ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. मालियानं मला विचारलं, बाबा, तुमच्या आजीची मुलं किती? मला सांगता येईना. मान खाली गेली. पोरगा गुणी आहे गं, आमच्याच चर्चमध्ये गातो. पण खात्री नसताना मी पोरीचा हात कसा देऊ? लग्नाला सात आठवडे उरलेत. तुझ्यापुढे भलेभले बोलते होतात, आत्या काय चीज आहे! टेपरेकॉर्डर पाठवू का?
तुझा,
सेफो

सफुने
६ जून

चि. सेफोस,
आशीर्वाद. टेपरेकॉर्डर राहू दे. मी आत्याला सांगितलं, गप्पच बसायचं तर बस, पण लग्नात पहिला आशीर्वाद तू द्यायचास आणि पुढे देवाला उत्तरही तूच. तिनं सुरी खाली ठेवली.

आपल्या सीना आजीला लग्नाआधी एक मुलगी झाली होती. तिरेसा. घराची लाज म्हणून तान्हेपणीच फालेलिमाला दिली. त्या तिरेसाचा हा नातू. सेफो, दोघं एकाच बाईची पणतवंडं. लग्न मोड.

मालियाला हे चिठ्ठीतून कळू देऊ नकोस. समोर बसून सांग आणि ती रडेल तेवढं रडू दे. मला शिव्या घातल्या तरी चालतील. खरं तर घालायलाच हव्यात. वही उशाखाली ठेवताना मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आत्या चार दिवस बोलत होती. मी तिसरी शिकलेली, तरी सगळं उतरवलं. एक प्रत तुला, एक फालेलिमाला. चोरायची त्यानं खुशाल चोरावी. तिरेसा अजून आहे, तिला आईचं नावच ठाऊक नव्हतं. म्हणून मी स्वतः जाऊन वाचून दाखवलं. तिनं तीनदा वाचायला लावलं.

शेवटच्या पानावर तुझी मालिया आणि तो पोरगा शेजारी शेजारी आलेत, एकाच पणजीच्या खाली. लिहिताना हात थांबला होता. पण लिहिलं.

राग धर हवा तर, लोभ सोडू नकोस.
तुझी,
फुआतिनो