आपल्या बंधूंचे समुद्रोल्लंघन

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या सेवेशी,

सादर नमस्कार. आपला रक्तदाब, आपली अक्कलदाढ आणि आपल्या गच्चीवरची झाडे ही तिन्ही ठिकाणावर असतील, अशा समजुतीने पत्रास आरंभ करते. (दाढ अजून दुखत असल्यास ती काढून टाका. गाल धरून बसणे हा उपचार नव्हे.) इकडे आम्ही सुखरूप आहोत, असे लिहिण्याचा प्रघात आहे, परंतु सोललेली मान, सुजलेली मनगटे आणि सर्दी यांचा समावेश त्या शब्दात होतो किंवा कसे, याविषयी मी साशंक आहे.

आपल्या बंधूंविषयी काही उडत्या बातम्या आपल्या कानांवर गेल्या असतील. त्या सर्व चुकीच्या आहेत, कारण त्या नावाड्याने पसरवल्या आहेत. यथातथ्य वृत्तान्त असा:

प्रकरणाचे मूळ माझ्या एका वाक्यात आहे, हे मी नाकारत नाही. जेवताना मी इतकेच म्हणाले होते की, माझ्या हाडांच्या विभागातल्या मुलांच्या वॉर्डाला टोकाची ती मोठ्या खिडक्यांची खोली मिळाली, तर मुलांना तिथे पुन्हा चालायला शिकवता येईल. पण रुग्णालयाच्या अध्यक्षांना त्याच खोलीत बैठकांचे दालन हवे आहे. सुसंस्कृत नवरा अशा वेळी ‘अरेरे’ म्हणतो आणि भाजी मागतो. आपल्या बंधूंनी दुसऱ्या दिवशी चष्म्याचे दुकान भरदुपारी बंद केले, सागरी क्रीडा क्लब गाठला आणि परत येऊन जाहीर केले की, समोरच्या बेटापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतचा उघडा समुद्र ते पॅडलबोर्डवरून एकट्याने ओलांडणार. त्यासाठी लोक देणग्या देणार आणि देणग्यांतून खोलीतली व्यायामाची साधने येणार. (पॅडलबोर्ड म्हणजे पाय काढलेले इस्त्रीचे टेबल. त्यावर उभे राहायचे आणि लांब वल्ह्याने पाणी मागे ढकलायचे. हा खेळ आहे, असे मला सांगण्यात आले.) अध्यक्षमहाशय भर सभेत, बहुधा हसू आवरण्याच्या नादात, बोलून बसले की, हे गृहस्थ क्लबच्या नियमांनुसार पार झाले तर खोली मुलांची, नाहीतर विषय संपला.

आता, आपल्या बंधूंनी आरंभलेल्या गोष्टींशी आपला परिचय माझ्याहून जुना आहे. अर्धी बासरी, अर्धी जर्मन भाषा, एकच दार बसवलेले पुस्तकांचे कपाट. तेव्हा हे कार्य त्यांच्यावर सोडणे मला प्रशस्त वाटेना. दिवाणखान्यात लाटण्यांवर फळी ठेवून ते तोल साधण्याचा सराव करीत (काचेच्या शोकेसची हकीकत मी गाळते), तेव्हा मी कोनमापक घेऊन समोर बसत असे. त्यांचा उजवा गुडघा आत वळतो, हे लग्नापूर्वी आमच्यापासून लपवण्यात आले होते. वल्ह्यावर कोणता हात कुठे, यासाठी मी चिकटपट्टीच्या खुणा केल्या. ते त्या खुणा सोडून सर्वत्र हात ठेवीत.

क्लबच्या रीतीप्रमाणे मागून एक होडी येते आणि तीत निरीक्षक असतो. सचिवांनी हे पद मला दिले, कारण माझ्या शब्दावर शंका घेण्याची या शहरात कोणाची छाती नाही. मुख्य नियम दोनच. फळीवर एकाहून अधिक माणसे नकोत, आणि निरीक्षकाने वल्हवणाऱ्याशी चकार शब्द बोलू नये. मी सचिवांना म्हणाले की, अनावश्यक बोलण्याची मला मुळी सवयच नाही. आपल्या बंधूंना तेव्हा खोकल्याची उबळ आली.

पहाटे बेटावरून निघालो. समुद्र बरा होता. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार नावाड्याविषयी आहे. हाडांचा डॉक्टर दिसला की मनुष्यजातीला आपला गुडघा आठवतो. या इसमाने किनारा सुटताच विजार वर गुंडाळली आणि गुडघा माझ्यापुढे मांडला. मी तो तपासला (साधी झीज आहे), पट्टी बांधली आणि पाय फळकुटावर सरळ ठेवून अजिबात हलायचे नाही, असे बजावले. शिस्त मोडणारे रुग्ण मी फार पाहिले आहेत. हा मात्र दगडासारखा बसला.

इकडे आपले बंधू वल्हवत होते, आणि चुकीचे वल्हवत होते. खांदा उचललेला, कंबर वाकलेली, डावा हात खुणेच्या वीतभर खाली. मी गप्प होते. वन्सं, भूल न देता दात काढून घेणे याहून सोपे आहे. मी नियम पाळला, एक अक्षर बोलले नाही. फक्त डावा हात वर घ्या, हे त्यांना दिसावे म्हणून होडीच्या काठावर उभी राहून स्वतःचा डावा हात वर घेतला. (खुणांवर नियमांत बंदी नाही. मी पाहून ठेवले होते.) एक लाट आली. पुढचे मला वरून नव्हे, खालून दिसले.

जीवरक्षक जाकीट घातलेले असल्याने बुडण्याचा प्रश्न नव्हता. होडी मात्र इंजिनाच्या जोरावर आपल्या वाटेने पुढे चालली होती, आणि तीतून नावाड्याचा आवाज येत होता, “बाई, पाय हलवू का? तुम्ही नाही म्हणाला होतात.” मी काय उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही, शिवाय तोंडात पाणी होते. आपले बंधू वळून आले, गुडघ्यांवर बसले आणि जाकिटाच्या पट्ट्याला धरून त्यांनी मला फळीवर ओढले. (पकड, अपवादाने, निर्दोष होती.) होडी बरीच लांब गेलेली, किनारा समोर दिसत असलेला. “बस नीट. आता बोललीस तरी चालेल,” ते म्हणाले.

अशा रीतीने आम्ही किनाऱ्याला लागलो. पुढे मी, ताठ बसलेली आणि निथळणारी. मागे ते, हात खुणेच्या वीतभर खालीच. वॉर्डातली मुले चाकांच्या खुर्च्यांवर आणि कुबड्यांवर ओळीने होती. परिचारिका टाळ्या वाजवीत होत्या. कुबड्यांवरच्या एका मुलीने मला विचारले, “डॉक्टर, तुम्ही पडलात?” मी हो म्हणाले. “आम्ही रोज पडतो,” ती म्हणाली आणि हसली; शस्त्रक्रियेनंतर तिला हसताना मी प्रथमच पाहिले.

सचिव भला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, जवळजवळ सगळं अंतर ते एकटेच आले. मधलं कोणी पाहिलंय?”

“मी पाहिलंय,” मी म्हणाले. “मी निरीक्षक आहे.”

ओलांडणी बाद झाली. मुलांना ते कळायला थोडा वेळ लागला. तो वेळ मी पावलांना चिकटलेली वाळू झाडण्यात घालवला. दोन दिवसांतच अध्यक्षांचा माणूस खोलीत गालिच्याचे माप घ्यायला आला. आपले बंधू मनगटांना मलम लावता लावता म्हणाले, “मग पुन्हा जाऊ. त्यात काय?” अर्धे राहिलेले कार्य पुन्हा हाती घेण्याची त्यांच्या हयातीतली ही पहिली वेळ आहे, म्हणून मुद्दाम कळवते. ते तसेच उठून अध्यक्षांकडे गेले. समुद्र खवळण्याच्या दिवसांपूर्वी एकदा, शेवटचे, अशी मुदत मिळाली आहे. तोवर गालिचा गुंडाळून ठेवला आहे.

आपणास विनाकारण त्रास देण्याचा हेतू नव्हता. केवळ खरे काय ते कळावे, म्हणून लिहिले. लोभ आहेच, तो उतू जाऊ देऊ नये.

आपली आज्ञाधारक (असे समजणारी),
धाकटी भावजय

ता. क. नवा निरीक्षक हवा आहे. मला क्लबने सन्मानपूर्वक नकार दिला. माझे सहकारी ‘त्या दिवशी शस्त्रक्रिया आहे’ असे सांगतात. तारीख अजून ठरलेली नाही. आपण याल का? आपल्याइतके दोष काढणारी दुसरी व्यक्ती या कुटुंबात मीच आहे.

ता. क. दुसरा. गप्प राहण्याची अट आपणास जड जाऊ नये. आईंच्या शिवणयंत्राच्या वाटणीपासून आपण आपल्या बंधूंशी एक शब्दही बोललेला नाहीत. एवढा सराव देशात कोणाचा नसेल. मात्र मौनाची अट निरीक्षकापुरतीच आहे. वल्हवणाऱ्याने वाटेल ते बोलावे, आणि निरीक्षकाला होडीतून उठून जाता येत नाही. त्यांना बरेच बोलायचे आहे, असे मला वाटते.

ता. क. तिसरा. फळी वाळूला टेकली की निरीक्षकाने वल्हवणाऱ्याकडे पाहून, सर्वांना ऐकू जाईल असे, “पोचलास” म्हणावे लागते. त्याशिवाय ओलांडणी पुरी धरत नाहीत आणि मुलांना खोली मिळत नाही. तेवढा एक शब्द आपण काढाल ना?

ता. क. चौथा. हा नियम नवा आहे. कालच मंजूर झाला. सचिवांचा खांदा मी तपासत होते, तेव्हा मसुदा माझ्याजवळ तयार होता.